गोटीची ओळख

प्रस्तावना

जुने घर आवरताना फडताळाच्या कोपऱ्यातून एखादा पत्र्याचा डबा निघतो. झाकण उघडले की आत किल्ल्या, बटणे, घड्याळाचा तुटका पट्टा आणि तळाशी पाच-दहा काचेच्या गोट्या दिसतात. त्यांतील एखादी गोटी आपण नकळत उचलतो, उजेडासमोर धरतो आणि तिच्या पोटातील रंगीत पीळ पाहत राहतो. मग मनात प्रश्न येतात. ही गोटी कोणी केली असेल? कोठे? केव्हा?

गोट्यांच्या खेळाचे नियम आपल्यापैकी अनेकांना पाठ असतात. परंतु गोटी ही एक बनवलेली वस्तू आहे, तिलाही इतिहास आहे, या दृष्टीने तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. जगात जुन्या गोट्यांचा संग्रह करणारे छांदिष्ट आहेत. त्यांनी गोट्यांचे प्रकार पाडले, त्यांना नावे दिली आणि त्या ओळखण्याची एक पद्धत तयार केली. ही पद्धत समजून घेण्यासाठी आपण या पाठात चेन्नई शहरात जाणार आहोत.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• हाताने केलेली आणि यंत्राने केलेली गोटी यांतील फरक सांगू शकाल;
• गोट्यांच्या काही प्रसिद्ध प्रकारांची नावे व लक्षणे स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या जुन्या वस्तूची प्रामाणिक नोंद लिहू शकाल.

मूळ पाठ

१. बाजारातील नाव

चेन्नईच्या सेंट्रल रेल्वे स्थानकाला लागून एके काळी मूर मार्केट नावाचा बाजार होता. शहराचे नाव तेव्हा मद्रास होते. १९०० साली सुरू झालेल्या या बाजाराला नगरपालिकेचे तत्कालीन अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांचे नाव देण्यात आले होते. जुनी पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, खेळणी, शोभेच्या वस्तू असे नाना प्रकारचे सामान तेथे मिळे. ३० मे १९८५ रोजी लागलेल्या आगीत ही इमारत जळून गेली. तिच्या जागेवर पुढे रेल्वेची इमारत उभी राहिली आणि विक्रेत्यांना जवळच्याच अल्लिकुळम् संकुलात जागा देण्यात आली. मूर मार्केट गेले; परंतु जुन्या वस्तूंचा बाजार कोणत्याही मोठ्या शहरातून नाहीसा होत नाही.

अशा एखाद्या बाजारात आपण उभे आहोत, अशी कल्पना करा. विक्रेता एक मोठी, काळसर, रंगीत पट्ट्यांची गोटी आपल्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, अस्सल जर्मन माल. शंभर वर्षांचा.” गोटी सुंदर आहे आणि किंमत भारी आहे. विक्रेता खोटे बोलतो आहे असे म्हणता येत नाही. कदाचित त्यालाही दुसऱ्या कोणी असेच सांगितले असेल. आता दुसरे चित्र पाहा. एक कुटुंब आजोबांचा गोट्यांचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकते. त्यात खरोखरच एखादी शंभर वर्षांपूर्वीची गोटी असते, पण ते कोणालाच कळत नाही.

पहिल्या प्रसंगात गोटीला नसलेले नाव मिळाले आणि एकाचे पैसे गेले. दुसऱ्या प्रसंगात असलेले नाव मिळाले नाही आणि एक वस्तू कायमची हरवली. दोन्ही नुकसानांचे मूळ एकच आहे. नाव ऐकले गेले. वस्तू पाहिली गेली नाही.

२. शब्दात दडलेला दगड

गोटीकडे पाहण्यापूर्वी क्षणभर ‘गोटी’ या शब्दाकडे पाहू. मराठीत ‘गोटा’ म्हणजे वाटोळा दगड. नदीच्या पात्रात पाण्याने घासून गुळगुळीत झालेला दगड हा गोटा आणि त्याचे लहान रूप ती गोटी. इंग्रजीतील ‘मार्बल’ या शब्दाचा मूळ अर्थही संगमरवर, म्हणजे एक दगडच. काचेची गोटी जन्माला येण्याआधी मुले दगडाच्या, भाजलेल्या मातीच्या गोट्यांनी खेळत असत, ही आठवण दोन्ही भाषांनी जपून ठेवली आहे. तमिळ भाषेत मात्र हिला ‘गोली’ किंवा ‘गोलिगुंडू’ म्हणतात. त्या नावात दगड नाही, फक्त गोल आकार आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. नाव हे वस्तूचा एखादाच गुण पकडते. कधी ते आकार सांगते, कधी पदार्थ, कधी गाव. आणि कधी कधी ते चुकीचेही सांगते. म्हणून ओळख पटवताना आधी वस्तू आणि मग नाव, असा क्रम ठेवावा लागतो.

३. काच आपली जन्मकथा सांगते

वस्तू ‘पाहणे’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तम उदाहरण चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे मिळते. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले. या प्राचीन बंदराच्या परिसरात काचेचे असंख्य लहान मणी सापडले आहेत. अभ्यासक असा मणी भिंगाखाली धरतात आणि त्याच्या काचेत अडकलेले हवेचे बुडबुडे पाहतात. बुडबुडे मण्याच्या भोकाला समांतर असे लांबट ताणलेले असतील, तर वितळलेल्या काचेची नळी ओढून व तिचे तुकडे करून तो मणी केला, असे समजते. बुडबुडे भोकाभोवती फिरलेले असतील, तर काच सळईवर गुंडाळून मणी केला, असे समजते. मणी करणारा कारागीर कधीच काळाच्या पडद्याआड गेला. पण त्याच्या हाताची हालचाल काचेत गोठून राहिली.

गोटीचेही असेच आहे. तिच्यातील रंगांचे पीळ, बुडबुडे आणि पृष्ठभागावरील खुणा या तिच्या घडणीच्या खुणा होत. त्यांच्या आधारे जुन्या काचेच्या गोट्यांचे तीन मुख्य गट पाडता येतात.

(अ) हाताने केलेल्या गोट्या : जर्मनीतील थुरिंजिया भागात लाउशा नावाचे काचकामासाठी प्रसिद्ध गाव आहे. १८४० च्या दशकात तेथे गोट्या करण्याची एक खास कात्री वापरात आली. तिच्या एका पात्याला लहान वाटीसारखा खळगा असे. कारागीर रंगीत काचेच्या काड्या पारदर्शक काचेत गुंतवून एक जाड कांडी तयार करी. ही कांडी तापवून, पीळ देत ओढली जाई. तिचे मऊ टोक कात्रीच्या वाटीत फिरवून गोल केले जाई आणि मग कापले जाई. त्यामुळे अशा गोटीवर समोरासमोरच्या दोन टोकांना कापल्याची खरखरीत किंवा घासून सपाट केलेली खूण राहते. संग्राहक तिला ‘पाँटिल’ म्हणतात. आपण तिला ‘तोडखूण’ म्हणू. आतील रंगीत धागे एका तोडखुणेपासून दुसऱ्या तोडखुणेपर्यंत पिळदार वळण घेत जातात. पृथ्वीच्या गोलावर रेखांश जसे एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत जातात, तसेच हे धागे जातात. फरक इतकाच की, ते पिळलेले असतात.

(आ) यंत्राने केलेल्या गोट्या : अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथील मार्टिन क्रिस्टेन्सन यांना १९०५ साली गोल वस्तू बनवणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळाले. या यंत्रात वितळलेल्या काचेचा लहान गोळा, पन्हळी असलेल्या व फिरणाऱ्या रुळांवर पडे आणि गडगडत पुढे जाताना गोल होऊन थंड होई. सुरुवातीला काच भट्टीतून हातानेच काढली जाई. त्यामुळे त्या काळच्या काही गोट्यांवर, एका टोकाला, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखे वळण दिसते. गोळा कापताना काच जशी वळली, तशी ती तेथेच थिजली. पुढे ‘अ‍ॅक्रो अ‍ॅगेट’ या कंपनीने १९१४ साली वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे कारखाना नेला आणि १९५१ पर्यंत तो चालवला. याच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन मालाचा अमेरिकेकडे जाणारा ओघ आटला आणि यंत्राच्या गोट्यांना बाजार मोकळा झाला. यंत्राच्या गोटीवर खरखरीत तोडखूण नसते. तिचा आकार हाताच्या गोटीपेक्षा अधिक अचूक गोल असतो.

(इ) मांजरडोळा : पारदर्शक काच आणि तिच्या मध्यभागी रंगीत पाकळ्या, अशी गोटी आपण सर्वांनी पाहिली आहे. इंग्रजीत तिला ‘कॅट्स आय’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या सुमारास, ती जपानमधून जगभर गेली आणि नंतर इतर देशांतही होऊ लागली. आपल्या घरातील डब्यात सापडणारी रंगीत गोटी बहुधा याच कुळातील असते. ती संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मीळ नाही. परंतु जिच्याशी आपले बालपण जोडलेले आहे, ती गोटी हीच आहे.

पाठगत प्रश्न १
(१) तोडखूण म्हणजे काय? ती कशामुळे तयार होते?
(२) ओढून केलेल्या मण्यातील बुडबुडे कसे दिसतात?

४. फसवी नावे

आता बाजारातील त्या काळसर, रंगीत पट्ट्यांच्या गोटीकडे परत येऊ. गडद, जवळजवळ काळ्या काचेवर रंगीत पट्टे असलेल्या आणि दोन तोडखुणा असलेल्या हस्तनिर्मित गोटीला संग्राहक ‘इंडियन’ म्हणतात. हे नाव ऐकून भारतीय माणसाला आनंद होणे स्वाभाविक आहे. पण या गोट्या भारतात झालेल्या नाहीत. त्या जर्मनीत झाल्या. नाव संग्राहकांच्या बोलण्यात रुजले आणि तसेच राहिले. चेन्नईच्या बाजारात कोणी ‘ही इंडियन आहे’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ ‘ही येथे बनली’ असा घेता येणार नाही.

‘लुत्झ’ या नावाचीही अशीच कथा आहे. ज्या गोटीत सोनेरी चकाकणाऱ्या तांब्याच्या कणांचे पट्टे असतात, तिला लुत्झ म्हणतात. निकोलस लुत्झ हे अमेरिकेतील ‘बोस्टन अँड सँडविच’ या काच कंपनीतील नामांकित कारागीर होते. असे सोनेरी काम ते करीत, म्हणून या गोट्याही त्यांनीच केल्या असा समज पसरला. प्रत्यक्षात त्या जर्मन आहेत. समज चुकीचा ठरला, तरी नाव टिकले.

सगळीच नावे फसवी नसतात. काही केवळ रूपावरून पडलेली आहेत आणि म्हणून अधिक विश्वासार्ह आहेत. ‘अनियनस्किन’ म्हणजे कांद्याची साल. या गोटीच्या पृष्ठभागाजवळ रंगांचे बारीक, दाट थर असतात. ‘कॉर्कस्क्रू’ म्हणजे बुचाचा पीळदार स्क्रू. अ‍ॅक्रो अ‍ॅगेटच्या या प्रसिद्ध गोट्यांवर रंगाचा पट्टा जिन्यासारखा फिरत वरून खाली जातो. ‘सल्फाइड’ या गोटीच्या पारदर्शक पोटात पशू, पक्षी किंवा माणूस यांची पांढरी, चंदेरी भासणारी लहानशी आकृती असते.

येथे नावांचे दोन वर्ग दिसतात. ‘कॉर्कस्क्रू’ हे नाव, डोळ्यांना जे दिसते ते सांगते. ते कोणीही पडताळून पाहू शकतो. ‘जर्मन’, ‘शंभर वर्षांची’, ‘लुत्झ यांनी केलेली’ ही विधाने, जे दिसत नाही ते सांगतात. त्यांना पुरावा लागतो. मद्रास हे मोठे बंदर होते आणि युरोपातून तेथे तयार माल येत असे. म्हणून जुनी जर्मन गोटी चेन्नईत सापडणे शक्य आहे. परंतु शक्य असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

५. चेन्नईची स्वतःची गोटी

दूरदेशीच्या गोट्यांचा विचार करताना, चेन्नईच्या रस्त्यावरची एक गोटी आपल्या नजरेतून सुटू नये. ती आहे सोडाबाटलीतील गोटी. महाराष्ट्रात ज्याला आपण गोटी सोडा म्हणतो, तोच तमिळनाडूत ‘गोली सोडा’ म्हणून ओळखला जातो. तेथील लोकजीवनात तो इतका मुरलेला आहे की, २०१४ साली याच नावाचा एक तमिळ चित्रपट निघाला. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात राबणाऱ्या मुलांची ती कथा होती.

या बाटलीचा शोध इंग्लंडमधील अभियंते हिरम कॉड यांनी लावला. १८७२ साली त्यांनी तिचे एकस्व घेतले. बाटली तयार करतानाच तिच्या मानेत एक काचेची गोटी सोडली जाते आणि नंतर तोंड अरुंद केले जाते. तोंडाच्या आतील बाजूस रबरी कडे असते. बाटली उलटी धरून वायुयुक्त पाण्याने भरतात. सरळ केल्यावर आतील वायूच्या दाबाने गोटी रबरी कड्यावर घट्ट दाबली जाते आणि बाटली आपोआप बंद होते. वेगळे बूच लागतच नाही. उघडताना गोटी खाली दाबायची; ‘फस्स’ असा आवाज होतो आणि गोटी मानेतील खळग्यात जाऊन अडकते. त्यामुळे पिताना ती पुन्हा तोंडाशी येत नाही.

ही गोटी एकरंगी असते. स्वस्त काचेच्या वाळूत लोहाचा अंश असतो, म्हणून तिच्यात बहुधा फिकट हिरवट झाक दिसते. तिच्यात रंगीत पीळ नाही, सोनेरी पट्टा नाही. तरीही कितीतरी मुलांची पहिली मौल्यवान गोटी तीच होती आणि ती मिळवण्याचा मार्ग एकच होता : बाटली फोडणे. तोंड अरुंद असल्यामुळे गोटी अन्यथा बाहेर येऊच शकत नाही.

येथे ओळखीचा एक महत्त्वाचा नियम हाती लागतो. जुन्या सोडाबाटल्यांच्या काचेवर पुष्कळदा सोडा भरणाऱ्या कंपनीचे आणि गावाचे नाव उठावदार अक्षरांत असते. गोटी बाटलीत असेपर्यंत ती कोठली, हे बाटली सांगते. बाटली फुटली की गोटी हाती येते. पण तिचे गाव हरवते. सुटी झालेली ती हिरवट गोटी चेन्नईची, कोल्हापूरची की लंडनची, हे केवळ तिच्याकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. वस्तू जेथे व जशी सापडली, तो संदर्भ हा वस्तूचाच भाग असतो. पुरातत्त्वज्ञ जमिनीतील मणी उचलण्यापूर्वी त्याची जागा टिपून ठेवतात, ते याचसाठी.

धातूची झाकणे आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्यावर गोटी सोडा मागे पडला. पण तो संपला नाही. २०१७ साली तमिळनाडूतील व्यापारी संघटनांनी परदेशी शीतपेयांची विक्री थांबवण्याची हाक दिली, तेव्हा स्थानिक पेयांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले. २०२५ साली तर भारतीय गोटी सोडा नव्या नावाने परदेशांत निर्यात होऊ लागल्याचे केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने जाहीर केले. म्हणजे या गोटीची गोष्ट अजून चालू आहे. जुनी, नाव कोरलेली बाटली एखाद्या घरात शिल्लक असेल, तर आतील गोटीसाठी ती फोडू नये. दोघींचे मोल एकत्र राहण्यात आहे.

पाठगत प्रश्न २
(१) ‘इंडियन’ या गोटीचे नाव फसवे का आहे?
(२) सोडाबाटली फोडल्यावर गोटीविषयीची कोणती माहिती नाहीशी होते?

६. गोटी तपासण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. साधे भिंग, एक विजेरी, मोजपट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर आणि शक्य असल्यास ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा पुरेसा आहे.

पहिली पायरी, स्वच्छता : प्लॅस्टिकच्या भांड्यात मऊ कापड अंथरून, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने गोटी धुवावी. गरम पाणी वापरू नये. एकदम तापल्याने जुनी काच तडकू शकते. गोटी घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. घासल्याने ओरखडे जातात; पण त्यांच्याबरोबर तोडखूण आणि मूळ पृष्ठभागही जातो. पुरावा पुसला गेल्यामुळे गोटीची किंमतही कमी होते.

दुसरी पायरी, मोजमाप : खेळातील नेहमीच्या गोटीचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो. या मापाच्या काचेच्या गोटीचे वजन साधारण साडेपाच ग्रॅम भरते. त्याच मापाची गोटी अडीच ग्रॅमच भरली, तर ती काचेची नसून प्लॅस्टिकसारख्या हलक्या पदार्थाची असावी. अकीक या दगडाचे वजन मात्र काचेच्या इतके जवळ असते की, तेथे काटा उपयोगी पडत नाही. दगडातील नैसर्गिक थर आणि हाताने घासल्याचे बारीक पैलू भिंगातून शोधावे लागतात.

तिसरी पायरी, पृष्ठभाग : गोटी सावकाश फिरवत तोडखूण शोधावी. ती एक आहे, दोन आहेत की मुळीच नाही, हे टिपावे. दोन असल्यास त्या समोरासमोर आहेत का, हेही पाहावे.

चौथी पायरी, अंतरंग : गोटीमागे विजेरी धरून रंग कोठे आहे ते पाहावे. तो पोटात आहे की पृष्ठभागावर? पट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात का? बुडबुडे गोल आहेत की ताणलेले?

पाचवी पायरी, संदर्भ : गोटी कोणाकडून, कोणत्या घरातून, कशासोबत मिळाली, हे लिहून ठेवावे. ऐकीव माहिती ‘असे सांगितले’ या शब्दांनीच लिहावी.

काही जण अतिनील प्रकाशाचा दिवाही वापरतात. काचेत युरेनियमचा अंश असेल, तर ती त्या प्रकाशात हिरवी चमकते. यावरून काचेत काय आहे ते कळते. गोटी जुनी असल्याचे सिद्ध होत नाही, कारण अशी काच आजही तयार केली जाते. तसेच, दोन तोडखुणा आढळल्या म्हणजे गोटी एकोणिसाव्या शतकातीलच, असेही नाही. आजचे काच-कलावंतही जुन्या रीतीने हाताने गोट्या करतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. अनेक खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की मगच नाव उच्चारावे.

७. नोंद : माहीत तेवढेच

चेन्नईच्या एग्मोर भागात १८५१ साली स्थापन झालेले शासकीय संग्रहालय आहे. अशा कोणत्याही संग्रहालयात वस्तूला नाव देणे म्हणजे तिची नोंद करणे. ही सवय आपणही लावून घेऊ शकतो. नमुन्यादाखल ही एक काल्पनिक नोंद पाहा :

वस्तू : काचेची गोटी, एक. व्यास : १९ मि.मी. काच : गडद, जवळजवळ काळी. रंग : पृष्ठभागावर पिवळे व निळे पट्टे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पिळलेले. खुणा : समोरासमोर दोन तोडखुणा, एका बाजूस टवका. संदर्भ : बाजारात खरेदी, ‘जर्मन’ असे विक्रेत्याने सांगितले. निश्चित : हाताने केलेली. संभाव्य : ‘इंडियन’ या प्रकारची जर्मन गोटी. अज्ञात : कारागीर, वर्ष, चेन्नईत कशी आली.

या नोंदीतील शेवटचे तीन शब्द नीट वाचा : निश्चित, संभाव्य, अज्ञात. विक्रेत्याच्या एका वाक्यात हे तिन्ही एकत्र मिसळले होते. नोंदीने ते वेगळे केले. आता खरेदी करणाऱ्याला आपण कशाचे पैसे देत आहोत हे कळते आणि विकणाऱ्याला आपण काय देऊन टाकत आहोत हे समजते. ‘अज्ञात’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ती रिकामी ठेवलेली जागा असते. उद्या एखादा पुरावा सापडला, तर तो तेथे बसतो. खोटे नाव लिहिले, तर ती जागा कायमची अडून राहते.

पुढच्या वेळी घर आवरताना तो पत्र्याचा डबा निघाला, तर लगेच झाकण लावू नका. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा : “ह्या गोट्या कोणाच्या? कोठून आणल्या?” गोटीतील काच टिकाऊ आहे; ती आणखी शंभर वर्षे राहील. ही उत्तरे देणारी माणसे मात्र आज आहेत, तोपर्यंतच ती मिळतील. गोटीच्या नोंदीतील सर्वांत नाजूक ओळ संदर्भाची असते. ती आधी लिहून घ्या.

थोडक्यात

• गोटीवरील तोडखूण, रंगांचा पीळ व बुडबुडे यांवरून ती कशी घडली हे समजते.
• काही नावे रूप सांगतात, काही उगम सांगतात. उगमाच्या नावाला पुरावा हवा.
• वस्तूचा संदर्भ हरवला की तिची अर्धी ओळख हरवते.
• नोंद करताना निश्चित, संभाव्य आणि अज्ञात या गोष्टी वेगळ्या लिहाव्यात.

शब्दार्थ

एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क, पेटंट. अकीक – थरांचा, रंगीत, कठीण दगड. उगम – सुरुवातीचे ठिकाण. संभाव्य – असण्याची शक्यता असलेले. टवका – काचेचा उडालेला लहान तुकडा. छांदिष्ट – छंदाचे वेड असलेला.

स्वाध्याय

१. हाताने व यंत्राने केलेल्या गोट्यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ‘शक्य असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.’ हे विधान तुमच्या अनुभवातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. कृती : तुमच्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. पाठातील नमुन्याप्रमाणे तिची नोंद तयार करा आणि ‘संदर्भ’ लिहिण्यासाठी घरातील किमान दोन व्यक्तींशी बोला.